क्रोमा स्क्वॉड : पुठ्ठ्याचा रोबो आणि पाच स्टंट कलाकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा गेम मी आजवर ज्यांना ज्यांना सुचवला, त्यांनी सुरू करण्यापूर्वी, खेळताना आणि संपवल्यावर जे जे विचारले ते इथे एकत्र केले आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे खूप आहे.

हा गेम आहे तरी काय?

पाच स्टंट कलाकार एका टीव्ही मालिकेत रंगीबेरंगी सुपरहिरोंची सोंगे करत असतात. उड्या मारणे, पडणे, मार खाणे ही त्यांची रोजची नोकरी. दिग्दर्शकाचा जाच असह्य होतो, तेव्हा ते काम सोडून बाहेर पडतात, स्वतःचा छोटासा स्टुडिओ थाटतात आणि स्वतःची सुपरहिरो मालिका काढतात. त्या स्टुडिओचा कारभार तुमच्या हातात असतो. नट तुम्ही निवडता, कपडे तुम्ही शिवून घेता, मारामारी तुम्ही बसवता आणि भाग प्रसारित झाल्यावर किती लोकांनी पाहिला याची धाकधूकही तुमचीच. अर्धा गेम पटावर पाळीपाळीने खेळायच्या लढायांचा आहे आणि अर्धा स्टुडिओच्या हिशेबाचा. चित्रे जुन्या काळातल्या गेमसारखी ठिपक्याठिपक्यांची आहेत.

कोणी केला?

ब्राझीलची राजधानी ब्राझीलिया इथल्या बिहोल्ड स्टुडिओज या छोट्या कंपनीने. त्याआधी २०१२ मध्ये त्यांचा ‘नाइट्स ऑफ पेन अँड पेपर’ गाजला होता. मित्रांचे टोळके टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलीने साहसाचा खेळ खेळते, आणि आपण त्या टोळक्याला खेळवतो, अशी त्याची कल्पना. म्हणजे गोष्ट आणि गोष्ट रचणारे लोक एकाच वेळी पडद्यावर ठेवायची खोड त्यांना आधीपासूनच होती. ‘क्रोमा स्क्वॉड’मध्ये तीच खोड टीव्ही स्टुडिओत गेली.

पैसे लोकांकडून उभे राहिले. २०१३ साली त्यांनी किकस्टार्टरवर ५५ हजार डॉलर मागितले, जमले सुमारे ९७ हजार. गेम बाहेर पडला ३० एप्रिल २०१५ रोजी.

हे नेमके कुठले सुपरहिरो? अमेरिकी कॉमिक्समधले का?

नाही, हे घराणे जपानी आहे, आणि ते समजून घेतले तर गेममधला जवळजवळ प्रत्येक विनोद उलगडतो.

५ एप्रिल १९७५ रोजी जपानमध्ये ‘हिमित्सु सेन्ताई गोरेंजर’ ही मालिका सुरू झाली. कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची. पाच जण, पाच रंग: लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. चेहरा पूर्ण झाकणारे शिरस्त्राण, घट्ट पोशाख, ठराविक पवित्रा घेऊन आपापल्या रंगाची ओळख करून देणे आणि शेवटी पाचही जणांनी मिळून केलेला एक निर्णायक हल्ला. त्या पहिल्या मालिकेत महाकाय रोबो नव्हता. तो आडवाटेने आला. या मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीने मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीशी करार करून १९७८ मध्ये जपानी ‘स्पायडर-मॅन’ मालिका काढली आणि त्या स्पायडर-मॅनला चक्क एक रोबो दिला. रोबो लोकांना आवडला, खेळणी म्हणून खपलाही. लगेच १९७९ च्या ‘बॅटल फीव्हर जे’मध्ये पाच रंगांच्या संघालाही रोबो मिळाला आणि पुढे प्रत्येक भागाचा साचा ठरून गेला: आधी फुटकळ गुंडांशी मारामारी, मग राक्षसाशी, राक्षस हरला की तो इमारतीएवढा होतो, मग रोबो.

पुढे हैम सबान आणि शुकी लेवी या निर्मात्यांनी हाच माल अमेरिकेत नेला. २८ ऑगस्ट १९९३ पासून दिसू लागलेल्या ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’मध्ये मारामारीची बरीच दृश्ये १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ या जपानी मालिकेतून उचललेली होती. शिरस्त्राणाखाली कोण आहे ते दिसत नाही, हा या धंद्याचा कणा. मुखवटा काढला की अमेरिकी नट, चढवला की जपानी स्टंट कलाकार. या जोडकामाचा एक टाका तर उघडाच राहिला. अमेरिकी मालिकेतली पिवळी रेंजर मुलगी होती, पण मूळ जपानी मालिकेत तो पोशाख पुरुषाचा होता. म्हणून गुलाबी रेंजरच्या पोशाखाला स्कर्टसारखी झालर आहे आणि पिवळीच्या नाही.

गेमचे कथानक नेमके या मुखवट्यामागच्या माणसांवर उभे आहे.

पॉवर रेंजर्स कधी पाहिले नसतील तर मजा येईल का?

येईल. स्टुडिओ चालवण्याची आणि लढायांची मजा कुठल्याही संदर्भावाचून येते. पण आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी या घराण्याचे काहीतरी पाहिलेले असते, फक्त नाव ठाऊक नसते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागायचा. मनगटावरच्या घड्याळात बोलून महाकाय रोबोला हुकूम देणारा तो मुलगा ज्यांना आठवतो, त्यांनी तोएईची १९६७ ची मालिका पाहिली आहे. नंतरच्या पिढीने टून डिस्ने आणि जेटिक्सवर हिंदी बोलणारे पॉवर रेंजर्स पाहिले, अंगणात रंग वाटून घेतले आणि लाल कोणी व्हायचे यावरून भांडणेही केली. तेवढी शिदोरी पुरते.

ब्राझीलमधल्या लोकांना जपानी मालिकांचे एवढे वेड कसे?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज जपानी स्थलांतरितांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागले. तिथून सुरू झालेल्या स्थलांतरामुळे जपानबाहेर जपानी वंशाच्या लोकांची सर्वांत मोठी वस्ती आज ब्राझीलमध्ये आहे.

दुसरे कारण टीव्हीचे. १९८८ मध्ये रेदे मान्शेते या वाहिनीने ‘जास्पियन’ आणि ‘चेंजमन’ या दोन जपानी मालिका पोर्तुगीजमध्ये दाखवायला सुरुवात केली आणि मुले अक्षरशः वेडी झाली. दोन्ही मालिका जपानमध्ये १९८५ च्या. अमेरिकेत पॉवर रेंजर्स यायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता. म्हणजे ब्राझीलच्या मुलांनी हा प्रकार अमेरिकेच्या चाळणीतून न येता जवळजवळ मूळ रूपात पाहिला. तिथल्या त्या पिढीला आजही जास्पियनचे नाव काढले की लहानपण आठवते.

त्या हवेत वाढलेल्या लोकांनी हा गेम केला आहे, आणि खेळताना ते जाणवते. राक्षस धडपडत कसा पडतो, उडी मारल्यावर मागे धूर कधी येतो, पवित्रा घेताना हात किती वेळ थांबतो, या बारकाव्यांत कुठेही चूक नाही.

मग नावाखाली ‘सबान्स पॉवर रेंजर्स’पासून प्रेरित असे का लिहिले आहे?

गेम तयार होत असताना सबान कंपनीने हक्कांचा मुद्दा काढला. बिहोल्डचे म्हणणे होते की आम्ही एका सबंध प्रकाराचे विडंबन करतो आहोत, आणि पाच रंगांचा संघ ही कल्पना मुळात जपानची आहे. पण छोट्या कंपनीला आंतरराष्ट्रीय खटला परवडत नाही. शेवटी समझोता झाला आणि ती ओळ नावाखाली आली.

मला ती ओळ खटकते. गेमचे खरे ऋण गोरेंजरचे आहे, जास्पियन आणि चेंजमनचे आहे. पण समझोता झाला नसता तर कदाचित गेमच आपल्या हाती आला नसता, म्हणून मी ती ओळ सोसतो.

पुढे २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरची आवृत्ती बंदाई नामको या जपानी कंपनीने प्रकाशित केली. या मालिकांमधल्या रोबोंची खेळणी वर्षानुवर्षे बंदाईच विकत आली आहे. सुटे भाग जोडून होणारा रोबो टीव्हीवर इतका टिकला त्यामागे खेळण्यांचा हा धंदा मोठे कारण होता. ज्या उद्योगाची नक्कल केली त्याच घराने ती नक्कल दुकानात ठेवली, याचे मला फार बरे वाटले.

लढाई कशी चालते?

प्रत्येक लढाई म्हणजे मालिकेचा एक भाग. जमिनीवर चौकटी आखलेल्या असतात. तुमचे पाच जण आपापली चाल करतात, मग शत्रूची पाळी. पाच भूमिका ठरलेल्या आहेत: म्होरक्या, चपळ टेहळ्या, दणकट हाणामारी करणारा, यंत्रे हाताळणारा आणि इतरांना सांभाळणारा. कोणता नट कुठल्या भूमिकेत ते तुम्ही ठरवायचे. प्रत्येकाचे गुण वेगळे असल्यामुळे चाचणीच्या वेळी नीट बघा.

सुरुवातीला सगळे साध्या कपड्यांत लढतात. प्रेक्षक जरा रंगात आले की रूपांतर करता येते. सगळे एकदम चमकतात, तुम्ही ठरवून दिलेली आरोळी ठोकतात आणि रंगीत पोशाखात उभे राहतात. मग शस्त्रे आणि खास कसब हाताशी येते. आल्या आल्या पोशाख का चढवत नाहीत, हा प्रश्न या मालिका बघताना लहानपणी प्रत्येकाला पडतो. गेमचे उत्तर असे, की आधी थोडी चुरस दाखवल्याशिवाय प्रेक्षक बसून राहत नाहीत.

‘टीमवर्क’ हे बटण कशासाठी?

हाच या गेमचा प्राण आहे, आणि सुरुवातीला बहुतेक जण इकडे दुर्लक्ष करतात.

एखाद्या नटाने हल्ला न करता टीमवर्कचा पवित्रा घेतला, की दोन गोष्टी होतात. एक, दुसरा नट त्याच्या खांद्याचा आधार घेऊन कोलांटी मारतो आणि एरवी पोहोचला नसता इतक्या लांब जातो. दोन, शेजारच्या शत्रूवर दुसऱ्याने हल्ला केला तर हाही त्यात सामील होतो. पाचही जणांनी मिळून एकाच शत्रूला गाठले तर निर्णायक हल्ला होतो, तोच, नाव पुकारून केलेला, मागे स्फोट होणारा.

म्हणजे एकेकट्याने मारत सुटले तर खेळ रटाळ होतो आणि अवघडही. एकाने पाळी सोडून दुसऱ्यासाठी उभे राहायचे. खांदा पुढे करणारा दृश्यात उठून दिसत नाही, पण त्याच्याशिवाय उडी होत नाही. स्टंटचे काम प्रत्यक्षातही असेच चालते.

जिंकलो तरी पैसे कमी का मिळतात?

कारण तुम्ही लढाई जिंकलात, भाग रंगला नाही. पडद्यावर प्रेक्षकसंख्या सतत दिसत असते. दर भागाला गेम ‘दिग्दर्शकाच्या सूचना’ म्हणून काही अटी घालतो: राक्षसाला शेवटचा तडाखा निर्णायक हल्ल्यानेच द्या, अमक्या वेळात आटपा, कोणालाही पडू देऊ नका. त्या पाळल्या की प्रेक्षक वाढतात. प्रेक्षकांतून चाहते मिळतात, पैसा मिळतो. तीन चालींत सहज संपणारी लढाई तुम्ही मुद्दाम लांबवू लागलात, राक्षसाला जरा ताकद उरू द्यावी असे वाटू लागले, की गेम तुम्हाला कळला असे समजा.

रोबोची लढाई वेगळी वाटते. ती कशी?

तिथे चौकटी नाहीत. तुमचा रोबो आणि फुगलेला राक्षस समोरासमोर. पहिला ठोसा बहुधा लागतोच. प्रत्येक ठोशागणिक पुढचा लागण्याची शक्यता घटत जाते. चुकला की पाळी राक्षसाची. कुठे थांबायचे हे तुम्ही ठरवायचे. बचाव करताना नेमक्या क्षणी बटण दाबले तर मार कमी बसतो.

सोपी रचना आहे, पण त्या दृश्यांची खरी गंमत रोबोच्या अंगावर आहे. तो पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा आहे हे लपवलेले नाही. मूळ मालिकांमध्येही आत माणूसच असायचा आणि भोवती गुडघ्याएवढ्या इमारतींचे शहर. कॅमेरा खाली ठेवायचा आणि दृश्य जास्त वेगाने चित्रित करायचे, म्हणजे दाखवताना ते संथ होते आणि माणसाची हालचाल जड, राक्षसी वाटते.

मी सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात रोबो झालो होतो. टीव्हीच्या खोक्याचे धड, त्याला चंदेरी कागद, डोळ्यांसाठी दोन भोके. भोके माझ्या डोळ्यांपेक्षा चार बोटे वर पडली होती, त्यामुळे आत अंधार आणि घाम. वर्गमित्र कुजबुजत दिशा सांगत होता आणि त्याच्या भरवशावर मी रंगमंचभर फिरलो. समोर टाळ्या पडल्या त्या मला फक्त ऐकू आल्या. या गेममधला पुठ्ठ्याचा रोबो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मला तो अंधार आठवला.

स्टुडिओत पैसा कशावर घालवावा?

दिवे, कॅमेरा, आवाज यांवर आधी. त्यांतून प्रेक्षक वाढतात आणि पैसा परत येतो. पोशाख दुसरे. जाहिरात संस्थाही नेमता येते. प्रत्येकीचे फायदे वेगळे, तेव्हा वाचून निवडा. मधूनमधून चाहत्यांचे मेल येतात, ते टाळू नका. त्यांत चांगले लिखाण आहे.

हे फक्त टिंगल करणे आहे का? मला या मालिका मनापासून आवडायच्या.

मग हा गेम तुमच्याचसाठी आहे. विडंबन करायला मूळ कलाकृती पाठ असावी लागते, आणि इथे ती ओळन् ओळ पाठ आहे. हसू येते ते साच्यावर: त्याच त्या आरोळ्या, दर आठवड्याचा नवा राक्षस, बरणीतल्या मेंदूच्या रूपातला मार्गदर्शक. पण मार खाणाऱ्या माणसांवर गेम एकदाही हसत नाही. जपानमध्ये हे पोशाख घालून लढणारे अनेक कलाकार मारामारीच्या चित्रपटांतले नट सोनी चिबा यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या जपान ॲक्शन क्लबमध्ये घडले. उंचावरून पडणारे, स्फोटासमोर पळणारे, शिरस्त्राणाच्या फटीतून जेमतेम समोरचे दिसणारे हे लोक. मुले ज्यांची चित्रे वहीत चिकटवत होती, त्यांचे चेहरे त्या मुलांनी कधी पाहिले नाहीत. सुपरहिरोंचे गेम पुष्कळ झाले. त्या पोशाखातल्या मजुराला नायक करणारा असा गेम मी दुसरा पाहिला नाही.

कथेत पुढे काही घडते का? उलगडा न करता सांगा.

घडते. सुरुवातीला राक्षस म्हणजे पोशाख घातलेले सहकारी असतात. नंतर खरे काय आणि चित्रीकरण काय, ही सीमा पुसट होऊ लागते. मध्ये वाट फुटते, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळताना वेगळे भाग दिसतात. एवढेच.

मुलांना खेळायला द्यावा का?

द्यावा. रक्त नाही, मारामारी कार्टूनसारखी आहे. अडचण भाषेची. संवाद भरपूर आहेत आणि इंग्रजी वाचावे लागते. मराठी किंवा हिंदी आवृत्ती नाही. घरातल्या मोठ्याने शेजारी बसून संवाद मराठीत सांगितले तर फार रंगते. माझ्या भाचीबरोबर मी तसेच खेळलो, राक्षसांचे आवाज तिने काढले.

कशावर चालतो?

विंडोज, मॅक आणि लिनक्सवर आधी आला. २०१७ मध्ये कन्सोल आणि मोबाइलवर. जुन्या लॅपटॉपवरही तक्रार करत नाही. एकट्याने खेळायचा आहे.

काय आवडले नाही?

शस्त्रे आणि पोशाख बनवण्याचा भाग कंटाळवाणा आहे. साहित्य जमवा, वस्तू बनवा, ती आधीच्या वस्तूपेक्षा किंचित बरी किंवा वाईट निघते, पुन्हा बनवा. पाच जणांपैकी प्रत्येकाच्या अंगावरच्या अनेक वस्तू आणि वर रोबोचे भाग, यात वेळ जातो. मधल्या काही भागांत गुंडांचे तेच तेच जथे येतात. रोबोच्या लढाया डोळ्यांना जितक्या सुखावतात तितक्या डोक्याला खाद्य देत नाहीत. काही विनोद इतके जपानी मालिकांच्या चाहत्यांपुरते आहेत की बाकीच्यांना ते विनोद आहेत हेही कळणार नाही. हे सगळे धरूनही मी तो तीनदा संपवला आहे.

असे आणखी काही?

‘द वंडरफुल १०१’ हा २०१३ चा गेम याच घराण्याचा, पण मोठ्या कंपनीचा आणि हातांच्या वेगावर चालणारा. स्वतंत्र निर्मात्यांकडून काही हवे असेल तर २०२५ चा ‘डिस्पॅच’ पाहा. त्यात तुम्ही सुपरहिरोंना कामगिरीवर धाडणाऱ्या कार्यालयात बसता. तो मात्र मोठ्यांसाठी आहे, मुलांसमोर नको.

पहिल्यांदा खेळणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

भाग सुरू होताच दिग्दर्शकाच्या सूचना वाचा. दर पाळीला निदान एकाला टीमवर्कच्या पवित्र्यात ठेवा. गुंड आधी, राक्षस शेवटी, आणि त्याच्याभोवती पाचही जण पोहोचतील अशी जागा मोकळी ठेवा. रोबोच्या लढाईत ठोसा लागण्याची शक्यता ६० टक्क्यांखाली गेली की मी थांबतो. तुम्ही तुमचा आकडा शोधा.

आणि संघाचे नाव व रूपांतराची आरोळी स्वतः टाइप करायची असते, तिथे घाई करू नका. मी रोमन अक्षरांत ‘आलो रे आलो’ लिहिले होते. ती आरोळी जवळजवळ प्रत्येक भागात पडद्यावर येते, आणि माझ्या घरी ती येते तेव्हा भाचीबरोबर मोठ्याने म्हणावी लागते.